पोर्टरचं ओझं आणि टिप : मदत हवी आहे

मंडळी, आम्ही सहा जण पहिल्यांदाच किलिमांजारोला चाललोय. तिथे पोर्टरच्या पाठीवर 20 किलोच्या वर सामान चढवायचं नाही, असा नियम आहे आणि गेटवर वजनही होतं. पण गेट ओलांडल्यावर दोघांचं ओझं एकाच्याच पाठीवर आलं तर?

दुसरीकडच्या एका ट्रेकला (कंपनीचं नाव नको) आम्ही जेवणाच्या तंबूत गप्पा ठोकत बसलो होतो आणि पोर्टर बाहेर कुडकुडत उभे. नंतर कळलं, तो जेवणाचा तंबू हीच त्यांची झोपायची जागा! एकाच्या बुटाला नाडीऐवजी सुतळी होती. अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

पैसे भरण्याआधी कंपनीला नेमकं काय विचारावं? टिप गाइडकडे एकगठ्ठा द्यावी की प्रत्येकाच्या हातात? गाइड दुखावेल का? जाऊन आलेल्यांनी सांगा ना.