मदत हवी आहे: ब्यूप्रेनॉर्फिन सुरू करायला प्रत्यक्ष कुणाकडून शिकावं?

नमस्कार. मी ओहायोत एका लहान गावात फॅमिली मेडिसिनमध्ये आहे. अमेरिकेतल्या मराठी डॉक्टरांचा सल्ला हवाय.

पूर्वी ओपिऑइडच्या (अफूसारख्या अमली औषधांच्या) व्यसनावर ब्यूप्रेनॉर्फिन हे औषध लिहून द्यायला ८ तासांचं प्रशिक्षण आणि 'एक्स वेव्हर' म्हणजे सरकारची खास परवानगी लागायची. डिसेंबर २०२२ मध्ये तो वेव्हर गेला. जून २०२३ पासून मात्र डीईए (अमली औषधांवर नियंत्रण ठेवणारी केंद्रीय संस्था) रजिस्ट्रेशन करताना जवळपास प्रत्येक डॉक्टरला ८ तासांचं शिक्षण एकदा दाखवावं लागतं. माझं झालंय. स्लाइड्स, प्रश्नमंजुषा, सर्टिफिकेट. पण समोर पेशंट बसला की हात आखडतो.

स्लाइडवर सोपं असतं: विड्रॉवल (नशा उतरतानाचा त्रास) सुरू होऊ द्या, तो किती आहे हे सांगणारा काऊज स्कोअर मोजा, मग पहिला डोस. आमच्याकडे सगळं फेंटॅनिल, म्हणजे फार जहाल कृत्रिम ओपिऑइड. ते चरबीत साठतं आणि सावकाश बाहेर पडतं. ब्यूप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइड रिसेप्टरला घट्ट धरतं, पण परिणाम अर्धवटच करतं. घाईने दिलं तर फेंटॅनिलला हुसकावतं आणि पेशंट उलट्या-जुलाबांनी बेजार होतो. असा पोळलेला माणूस पुन्हा हे औषध घ्यायला येईल का?

तुम्ही अगदी कमी डोसपासून चढत जाता की नेहमीच्या पद्धतीने? आणि हे कुणाशेजारी बसून शिकलात? 'रेफर कर' म्हणू नका प्लीज. मेथाडोन (व्यसनावरचं दुसरं औषध) देणारं क्लिनिक दीड तासावर आहे आणि व्यसनासाठी मेथाडोन मला लिहून देता येत नाही. 'असले पेशंट आपल्या वेटिंग रूममध्ये नकोत' म्हणणारे सहकारी आहेतच, त्यांचं नंतर बघू.

प्रतिसाद १:
पीसीएसएसवर (डॉक्टरांना हे उपचार शिकवणारा कार्यक्रम) नाव नोंदवा, मेंटॉर फुकट मिळतो. शिवाय एको बघा, म्हणजे व्हिडिओवर तज्ज्ञांसोबत केसेसची चर्चा करत शिकणं. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी सुरू केलेली पद्धत, आता व्यसनोपचारालाही वापरतात. नुसतं ऐकत बसू नका, स्वतःची केस मांडा. माझ्या मते पहिला पेशंट नवा घेऊच नये. आधीच औषधावर स्थिर असलेल्याचं रिन्यूअल करा, हात बसतो.

प्रतिसाद २:
मी ईआरमध्ये (इमर्जन्सी विभागात) असतो. येल विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात ईआरमध्येच ब्यूप्रेनॉर्फिन सुरू केलेल्यांपैकी ७८% लोक महिन्याने उपचारात होते, नुसतं रेफर केलेल्यांपैकी ३७%. तुमच्या जवळच्या ईआरला विचारा, पहिला डोस ते देतील, पुढचं तुम्ही सांभाळा. फेंटॅनिलवाल्यांना मी घाई करत नाही, स्कोअर चांगला चढू देतो. आणि प्रिस्क्रिप्शन पाठवण्याआधी फार्मसीला फोन करा, बऱ्याच ठिकाणी स्टॉकच नसतो!

मूळ धागाकर्ती:
दोघांचे आभार. रिन्यूअलपासून सुरुवात पटली, तसे दोन पेशंट आहेतच. ईआरवाल्यांशी सोमवारी बोलते. त्यांनी शुक्रवारी रात्री सुरू केलं आणि मी सोमवारी पाहिलं, तर मधल्या दिवसांचं औषध कोण देतं?