मॉडेल पेट्रोल इंजिन: ठिणगी पडते, पण कॉम्प्रेशन धरत नाही

सात_सूत
इंची प्लॅनवरून आडवं, एका सिलिंडरचं फोर-स्ट्रोक बनवलंय. कास्टिंग नाही, सगळं बारमधून. बोअर सात सूत (22.2 मिमी), स्ट्रोक एक इंच तीन सूत (34.9 मिमी). सिलिंडर कास्ट आयर्नचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा, दोन कास्ट आयर्न रिंगा. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कॅमवर, इनटेक नुसत्या सक्शनने उघडणारा. पॉइंट्स (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) कॅमशाफ्टवर. प्लग काढून बॉडीला टेकवला की निळी ठिणगी स्वच्छ दिसते. फ्लायव्हीलला ड्रिल लावून 400-500 आरपीएमने फिरवलं तरी एकही फटका नाही. हाताने फिरवताना टॉपला (पिस्टन हेडकडच्या टोकाला) जेमतेम अडखळतं आणि सुटतं. गिअर 20 आणि 40 दातांचे, 0.8 मॉड्यूल (दातांचं मेट्रिक माप), तेही जड फिरतात. सुरुवात कुठून करू?

बारीक_कट
इग्निशन आणि कार्ब्युरेटर सध्या विसरा. फ्लायव्हील हाताने कॉम्प्रेशनवर, टॉपच्या अलीकडे नेऊन सोडून दिलं तर उलट उसळी मारून मागे आलं पाहिजे. येत नसेल तोवर बाकी काहीही जुळवून उपयोग नाही.

प्लगच्या भोकातून इंजिन ऑइलचे दोन थेंब टाका आणि पुन्हा फिरवा. कॉम्प्रेशन एकदम वाढलं तर गळती रिंगांतून. काहीच फरक पडला नाही तर व्हॉल्व्ह. मग व्हॉल्व्ह ब्लॉक सोडवा, 10 मिलीच्या सिरिंजला रबरी नळी लावून ती पोर्टमध्ये घट्ट बसवा, दांडा 5 मिलीपर्यंत ओढून दहा सेकंद धरा आणि सोडा. दांडा जवळजवळ शून्यावर परत गेला तर सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) चांगली. मधेच थांबला तर गळतेय.

लहान इंजिनात दहापैकी आठ वेळा दोष व्हॉल्व्हचाच निघतो, आणि माणसं पेस्ट लावून घासत बसतात. घासून सीट रुंद होते, गळती तशीच राहते. सीट 45 अंशांची आणि 0.3 ते 0.4 मिमी रुंदच हवी. रुंदी वाढली की तेवढाच स्प्रिंगचा दाब जास्त जागेवर पसरतो. सीट कटर स्टेमच्या रीम केलेल्या भोकात पायलट घालून हातानेच फिरवा. ड्रिल मशीनवर लावलात तर चॅटर (थरथरीच्या खुणा) येतो. व्हॉल्व्हचा स्टेम आणि फेस एकाच सेटिंगमध्ये टर्न करा. जॉब उलटा करून धरला की फेस स्टेमच्या केंद्रापासून सरकतो. तपासायला फेसवर मार्कर पेन फिरवा, व्हॉल्व्ह सीटवर हलका दाबून पाव फेरा द्या. शाई पूर्ण वर्तुळात पुसली गेली पाहिजे. शेवटचा हात ब्रासोने, वीस-तीस फेरे, बस्स. गॅरेजवाल्यांच्या डब्यातली ग्राइंडिंग पेस्ट या आकाराला फार भरड पडते.

मॉड्यूल_08
गिअर जड फिरण्याचं कारण प्लॅनमध्येच आहे. इंची प्लॅनमध्ये बहुधा 32 डीपीचे (दातांचं इंची माप) गिअर असतात. 20 आणि 40 दातांचं सेंटर अंतर तिथे 23.81 मिमी येतं. 0.8 मॉड्यूलला 24.00 मिमी लागतं. म्हणजे 0.19 मिमी जवळ बसवलेत, दात एकमेकांत आवळले जातायत. भोक फाइलने ओढू नका, तिरकं होईल. कॅमशाफ्टचं भोक मोठं बोअर करून त्यात ब्राँझ बुश दाबा आणि नवीन भोक 24.05 वर घ्या. वरचे 0.05 बॅकलॅशसाठी (दातांमधल्या मोकळीकीसाठी).

शिवाय एक मोजमाप घ्या. पिस्टन टॉपला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, प्लगचं भोक वरच्या बाजूला येईल असं इंजिन धरा आणि सिरिंजने पातळ तेल भोकाच्या काठापर्यंत भरा. किती सीसी मावलं ते लिहा. स्वेप्ट व्हॉल्यूम 13.5 सीसी आहे. 5:1 कॉम्प्रेशन रेशोसाठी टॉपला सुमारे 3.4 सीसीच जागा उरायला हवी. व्हॉल्व्ह ब्लॉकमधून सिलिंडरकडे जाणारा पॅसेज मिळून ही जागा वाढते.

सात_सूत
तेल टाकून फरक पडला नाही. एक्झॉस्ट सिरिंज धरतो, इनटेक धरत नाही. शाई अर्ध्याच वर्तुळात पुसली गेली. टॉपला 5.2 सीसी मावलं.

बारीक_कट
इनटेक व्हॉल्व्ह नवीन करा, याच्यावर वेळ घालवू नका. 303 स्टेनलेस घ्या, स्टेम भोकात 0.02 मिमी ढिला.

रिंगा सध्या ठीक दिसतात, तरी एकदा रिंग एकटी बोअरमध्ये चौरस बसवून मागे टॉर्च धरा. गॅपच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाची फट दिसली तर रिंग नुसती कापलेली आहे, गॅप उघडा धरून मंद लाल तापवून सेट केलेली नाही. ती सगळीकडे सारखा दाब देत नाही. बोअरमध्ये गॅप 0.08 मिमी पुरे.

मॉड्यूल_08
5.2 म्हणजे रेशो 3.6 झाला. चालेल, पण सुरू करताना त्रास देईल. पिस्टनच्या डोक्यावर 3 मिमी जाड, बोअरपेक्षा किंचित लहान ॲल्युमिनियमची चकती दोन काउंटरसंक स्क्रूने बसवा. रेशो साधारण 4.3 होईल. रॉड लांब करू नका, वरची रिंग पॅसेजच्या तोंडात शिरेल. चकती पॅसेजचं तोंड झाकत नाही ना, तेवढं पाहून घ्या.

इनटेकची स्प्रिंगही तपासा. 0.25 मिमी वायरची मऊ स्प्रिंग हवी. पोर्टवर नाही, सिलिंडरच्या बाजूने नळी लावून तोंडाने ओढलं की व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. उघडत नसेल तर इंजिन हवाच घेत नाही, मग कितीही चोक द्या.

पॉइंट_गॅप
आता टायमिंग. पॉइंट्स कॅमशाफ्टवर आहेत, त्यामुळे पॉइंट्सचा कॅम एक्झॉस्टच्या कॅमच्या मानाने अर्धा फेरा चुकला तर ठिणगी एक्झॉस्टच्या टॉपला पडते. ओळख सोपी: एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे बंद होतो, त्याच्या जवळच्या टॉपला ठिणगी नको, त्यानंतरच्या टॉपला हवी. अंशांची चकती छापून क्रँकवर लावा. एक्झॉस्ट बॉटमच्या 45 अंश आधी उघडू द्या, टॉपच्या आसपास बंद. रॉकरमध्ये 0.1 मिमी फट. पॉइंट गॅप 0.4. पहिल्यांदा सुरू करताना ठिणगी अगदी टॉपला ठेवा, चालू झाल्यावर टॉपच्या 10-15 अंश आधी घ्या.

पेट्रोलमध्ये लिटरला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल घाला. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. प्लॅनपेक्षा कार्ब्युरेटरची सुई थोडी जास्त उघडी लागेल. काम झालं की टाकी रिकामी करा. टाकीतली पातळी जेटच्या 10 मिमी खाली हवी, नाहीतर इंजिन बंद असताना पेट्रोल गळत राहतं. सुई दीड फेरा उघडा, बोटाने चोक देऊन ड्रिलने दहा सेकंद फिरवा आणि प्लग काढून बघा. ओला असेल तर सुई पाव फेरा मिटवा. कोरडा असेल तर सुईला हात लावण्याआधी टाकीची पातळी आणि नळीतला बुडबुडा बघा.