अनुभव धागा: तुमच्या आलेखांना अनोळखी लोकांनी काय सुनावलं?

आलेख, नकाशे, डॅशबोर्ड करणारे इथे बरेच आहेत. घरी दाखवलं की 'रंग छान आहेत', ऑफिसात 'लोगो जरा मोठा करा'. मग आपण ते ऑनलाइन परक्यांच्या पुढ्यात टाकतो. तिथे काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करते.

२०११ च्या जनगणनेवरून महाराष्ट्राचा साक्षरतेचा नकाशा केला होता. सीमांची फाइल नवी, ३६ जिल्ह्यांची. आकडे मात्र ३५ जिल्ह्यांचे, कारण पालघर ठाण्यातून वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. रिकाम्या रकान्याचं शून्य झालं आणि पालघर पांढराफटक. वीसेक 'मस्त!' येऊन गेल्यावर एकाने विचारलं, "पालघरकरांनी काय घोडं मारलंय तुमचं?" दोन वर्षं डहाणूत काढलेली मी, आणि मलाच दिसलं नव्हतं! उपायही त्यानेच सांगितला. ठाण्याचे तालुकावार आकडे घे, त्यातले आठ तालुके वेगळे काढ. टक्क्यांची सरासरी काढू नकोस. साक्षरांची बेरीज वेगळी, सात वर्षांवरच्या लोकसंख्येची वेगळी, मग भागाकार. अख्खा रविवार गेला त्यात.

पाटीपेन्सिल:
मी 'मेकओव्हर मंडे'त शिकलो. अँडी क्रीबेल आणि अँडी कॉटग्रीव्ह यांनी २०१६ मध्ये सुरू केलेला उपक्रम. आधीच प्रसिद्ध झालेला एखादा आलेख आणि त्याचा डेटा देतात, तो आपण नव्याने करायचा. बघणाऱ्यानेही तोच डेटा चाळलेला असतो, त्यामुळे तो थेट मुद्द्यावर येतो. मला सांगितलं गेलं, "बारा रेघा बारा रंगांत आहेत, बोलायचंय एकीबद्दल. बाकीच्या अकरा करड्या कर." दोन रात्री जागून रंग निवडले होते हो! राग आला. केल्या करड्या.

कोरांटी:
रंगांवरून आठवलं. बाजार समितीतल्या आवकेचा आलेख, वाढ हिरवी, घट लाल. एकाने लिहिलं, "ताई, मला दोन्ही शेवाळीच दिसतात." युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण १२ पैकी एकाला लाल-हिरव्याचा असा घोळ असतो म्हणे. तेव्हापासून निळा-नारिंगी वापरते. गंमत म्हणजे नंतर कळलं, आमच्या सख्ख्या काकांनाही तेच आहे. माझे सगळे आलेख 'छान, छान' म्हणणारे काका ते हेच.

आडवा_उभा:
माझी फजिती साताऱ्याच्या पावसाची. जिल्ह्याची सरासरी काढून अख्खा जिल्हा गडद निळा केला. रात्री माण तालुक्यातल्या दहिवडीच्या एकाचा प्रतिसाद: "आमच्या माणात एवढा पाऊस पडत असता तर चारा छावण्या कशाला लागल्या असत्या?" महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, माणात पाचशेच्या आसपास. सरासरीत माण बुडाला की! आता नकाशा टाकण्याआधी त्या भागातल्या एकाला तरी दाखवतो. त्याला आलेखातलं काही कळत नसलं तरी चालतं, किंबहुना बरंच असतं.

वाटाडी:
मी भारताचा नकाशा परदेशी फाइलवरून केला, त्यात काश्मीरची सीमा आपल्या अधिकृत नकाशासारखी नव्हती. शंभरावर प्रतिसाद, आलेखाबद्दल एकही नाही. चूक माझीच, तपासायला हवं होतं.

सुपली:
तुम्हाला शिव्या तरी मिळाल्या. माझ्या पहिल्या चार आलेखांखाली शुकशुकाट. 'कसं वाटलं?' विचारायचे. पाचव्याला विचारलं, "स्तंभ शून्याऐवजी चाळीसपासून सुरू केलेत, फसवणूक वाटते का?" तासाभरात नऊ जण भांडायला हजर. सात म्हणाले वाटते. एकाने तर पट्टी लावून मोजलं: आकड्यांत फरक दहा टक्क्यांचा, स्तंभ जवळजवळ दीडपट उंच.

पाटीपेन्सिल:
@सुपली, आणि उरलेले दोघं?

सुपली:
एक म्हणाला स्तंभ सोड, ठिपके काढ, मग शून्याची सक्ती नाही. तेच केलं. दुसरा माझा मावसभाऊ, तो म्हणाला रंग छान आहेत.