मदत हवी आहे: टर्की तळलेली येणार, मग ग्रेव्ही कशाची करू?

निशिगंध_ओहायो
नमस्कार मंडळी. यंदा थँक्सगिव्हिंगला (२७ नोव्हेंबर) लेकीच्या सासरची माणसं पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला येताहेत. घरचे धरून दहा जण. व्याही टर्की अख्खीच्या अख्खी तेलात तळतात, ते काम दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. त्यांच्या अंगणात तळून, फॉइलमध्ये गुंडाळून घेऊन येणार. विहीणबाई स्टफिंग आणि पंपकिन पाय आणणार. "तुमच्या हातचा रस्सा छान असतो म्हणे, मग ग्रेव्ही तुमच्याकडे," असं म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलंय.

मटणाचा रस्सा मी डोळे मिटून करते. पण इथे ना वाटण, ना खोबरं, ना तिखट. जी रेसिपी उघडावी तिची सुरुवात एकच: ओव्हनच्या ट्रेमध्ये टर्कीखाली जमलेला रस घ्या. माझ्याकडे ट्रेच नाही, तर रस कुठून आणू? त्यात जावयाच्या बहिणीला सेलिअ‍ॅक आहे, म्हणजे गहू पूर्ण बंद. आणि त्याच दिवशी मार्गशीर्षातला पहिला गुरुवार, सासूबाईंचं महालक्ष्मीचं व्रत. आधी करून ठेवता आली तर बरं, कारण त्या दिवशी स्वयंपाकघरात मला घटाचंही बघायचंय. किती करावी लागेल तेही सांगा.

खादाड_बोका
काचेच्या बरणीतली तयार मिळते. गरम करा, चांगल्या भांड्यात ओता, बरणी शेजाऱ्यांच्या कचऱ्यात टाका. हाकानाका.

निशिगंध_ओहायो
@बोका, विहीणबाईंना पहिल्या घासाला कळेल हो. आणि बऱ्याच बरण्यांवर घटकांत गव्हाचं पीठ दिसलं.

मिशिगनची_माई
निशिगंधताई, अजिबात घाबरू नका. ग्रेव्हीला ती टर्की लागत नाही, टर्कीची हाडं लागतात. दुकानात टर्कीचे पंख सुटे मिळतात, माना पण मिळतात. आत्ताच घेऊन फ्रीझरमध्ये टाका, शेवटच्या आठवड्यात संपतात. साधारण दोन किलो पंख घ्या.

ओव्हन ४०० फॅरनहाइट. पंख सांध्यावर तोडून मोठ्या ट्रेमध्ये पसरा, एकावर एक नकोत. सोबत दोन कांदे, दोन गाजरं, सेलरीच्या दोन काड्या, सगळं ओबडधोबड चिरून. तासभर तरी भाजा, मध्ये एकदा उलटा. सोनेरी झाले की काढायचा मोह होतो, तेव्हा काढू नका. कातडी गडद तपकिरी झाली पाहिजे आणि ट्रेच्या तळाला खरपूस थर धरला पाहिजे. काळा मात्र नको, करपलं की पुढे काहीही केलं तरी कडूच लागतं.

मग पंख मोठ्या पातेल्यात. रिकाम्या गरम ट्रेमध्ये दोन कप पाणी ओतून उलथन्याने तो थर खरवडा आणि तेही पातेल्यात. तुमची सगळी चव त्यात आहे. वर अडीच-तीन लिटर पाणी, थोडे मिरे, एक तमालपत्र, थाइमची एखादी काडी. मीठ घालू नका, नंतर आटवायचंय. बारीक आचेवर तीन-चार तास, खदखदू द्यायचं नाही. गाळा, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून लवकर थंड करा आणि फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी वर चरबीचा पांढरा थर धरलेला असेल. तो फेकू नका! पीठ त्यातच भाजायचंय.

माणशी अर्धा कप धरा, म्हणजे पाच कप. अमेरिकन माणसं बटाट्यावर, स्टफिंगवर, टर्कीवर, सगळ्यावर ओततात, आणि दुसऱ्या दिवशीच्या सँडविचलाही हवी असते. कमी पडली तर लक्षात राहते.

शिवाय विहीणबाईंना एक फोन करा. अख्ख्या टर्कीच्या पोटात मान, काळीज, पेटा यांची पिशवी असते. तळायच्या आधी ती काढावीच लागते, आणि तळणारे ती बहुधा टाकून देतात. मागून घ्या. मान आणि पेटा पातेल्यात टाका, काळीज मात्र नको, त्याने स्टॉक (म्हणजे हे हाडांचं पाणी) कडवट होतो.

चकलीची_सोरी
म्हणजे यंदा विहिणीचा मान नाही, विहिणीकडची मान. 😄

काळं_मीठ
थोडा गरम मसाला घाला की. आमच्याकडे मी दरवर्षी घालतो, शेवटी आलं-लसणाची फोडणी पण देतो. गोरे लोक बोटं चाटतात.

मिशिगनची_माई
@काळं_मीठ, तुमच्या घरी खुशाल घाला. इथे पहिली भेट आहे, आणि त्यांच्या ताटातली ही एकच गोष्ट त्यांना त्यांच्या आईच्या हातची आठवते तशी हवी असते. फोडणी दिलेली वाटी बाजूला ठेवा, जावई घेईल.

बदलापूरचा_इंजिनीअर
गव्हाच्या प्रश्नाबद्दल. एकीसाठी वेगळी वाटी करू नका, सगळीच ग्रेव्ही गव्हाशिवाय करा. टेबलावर डाव इकडचा तिकडे होतोच, आणि सेलिअ‍ॅकवाल्यांना तेवढंही चालत नाही.

दोन पर्याय आहेत. कॉर्नस्टार्च (मक्याचं पीठ नव्हे) कपाला एक मोठा चमचा, गार पाण्यात कालवून उकळत्या स्टॉकमध्ये हलवत ओतायचं, दोन मिनिटं उकळलं की बंद. चकाकी येते. पण फार वेळ उकळत ठेवलं तर पुन्हा पातळ होतं आणि फ्रीझरमध्ये ठेवलं तर पाणी सुटतं. दुसरा पर्याय तांदळाची पिठी, कपाला दीड-दोन मोठे चमचे. माई म्हणतात त्या चरबीत मंद आचेवर खमंग भाजायची, मग गरम स्टॉक एकेक डाव घालत घोटायचं. पिठल्याला जसं घोटतो तसंच, गुठळीला संधी द्यायची नाही. मी पिठीच घेईन. तिचा रंगही खरा येतो.

पिठी गव्हाविना असल्याचं लिहिलेल्या पाकिटातलीच घ्या. सोया सॉस घालणार असाल तर त्यात गहू असतो, तामारी (तसाच सॉस, बहुधा गव्हाविना) बघून घ्या. आणि आपल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. त्या दिवशी भाजीत हिंग घालाल आणि ती पोरगी आजारी पडेल.

निशिगंध_ओहायो
हिंगाचं माझ्या डोक्यातही आलं नसतं! आत्ता डबी वाचली, आहेच गहू. सासूबाईंचं सांगा ना कुणीतरी. मश्रूमची ग्रेव्ही करतात असं वाचलं.

चकलीची_सोरी
अगं, मश्रूमची चांगलीच होते, पण कांद्याशिवाय तिला जीव नाही आणि तुझ्या सासूबाईंना त्या दिवशी कांदा-लसूण चालणार नाही ना? माझ्या सासूबाई तर मश्रूमलाही नाक मुरडतात. त्यांचा उपास संध्याकाळी कहाणी-आरती झाल्यावर सुटणार, तुमची पंगत चारलाच बसेल. त्यांच्यासाठी पुरी, खीर, बटाट्याची भाजी वेगळ्या पातेल्यात आधीच करून ठेव. त्यांना ग्रेव्ही नकोच असते, आपल्यालाच उगाच वाटतं सगळ्यांना सगळं मिळावं.

निशिगंध_ओहायो
पटलं. रविवारी पंख भाजले, विहीणबाईंनी मानही पाठवली (हसल्या खूप). आता स्टॉक फ्रिजमध्ये गार झालाय तर थलथलीत जेलीसारखा दिसतोय. बिघडला का?

मिशिगनची_माई
बिघडला नाही, उत्तम जमलाय! हाडांतलं जिलेटिन आहे ते, गरम केलं की पातळ होईल. पिठी थोडी कमीच घ्या, ग्रेव्ही ताटात गार होता होता आणखी घट्ट होते. चरबी वेगळी काढून स्टॉक फ्रीझरमध्ये टाका, फ्रिजमध्ये तीन-चार दिवसांवर नको. बुधवारी रात्री खाली काढा, गुरुवारी सकाळी पिठी भाजून ग्रेव्ही करा. मीठ अगदी शेवटी, चाखून. त्यांची टर्की मिठाच्या पाण्यातली असेल तर ती आधीच खारट असते. चव बसकी वाटली तर अर्धा चमचा सायडर व्हिनेगर.

बदलापूरचा_इंजिनीअर
आणि केल्यावर गॅसवर ठेवून देऊ नका, साय धरते. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून ओता, मग ग्रेव्ही भरा. दोन-तीन तास वाफाळती राहते.

निशिगंध_ओहायो
घरी एकच थर्मास आहे, ह्यांचा चहाचा. चालेल?

मिशिगनची_माई
नाही. नवा आणा.