मदत हवी आहे: गुलमर्गला बॅककंट्री स्कीइंग करण्याआधी हिमस्खलनाचं प्रशिक्षण कुठे घ्यावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघे मित्र, बेळगाव-खानापूरकडचे. कॉलेजपासून एकत्र डोंगर फिरतो. जांबोटी-कणकुंबीचं रान, चोर्ला घाटाच्या अंगाचे सडे, हद्दीपलीकडचे पारगड, महिपाळगड हे आमचं नेहमीचं. येत्या फेब्रुवारीत गुलमर्गला जायचं ठरतंय. गोंडोलातून (रोपवेच्या पाळण्यातून) वर जाऊन आखलेल्या उतारावरून खाली येणं एवढ्यावर या वेळी भागवायचं नाही. स्कीच्या तळाला स्किन (चढताना मागे घसरू न देणारी पट्टी) लावून स्वतःच्या पायांनी चढायचं आणि अफरवट डोंगराच्या बाजूच्या मोकळ्या बर्फातून उतरायचं, म्हणजेच बॅककंट्री स्कीइंग करायचं, असा बेत आहे.

दोघांनी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेचा स्कीइंग कोर्स केलाय, एकजण औलीला शिकलाय. चौथा स्की करत नाही, तो स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाला बांधायची रुंद चौकट) घालून बरोबर येतो म्हणतोय. दमाची काळजी नाही, घाट चढून पाय तयार आहेत. काळजी बर्फाची आहे.

पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं की कुठून उतरायचं नाही, हे आम्हाला पाण्याच्या रंगावरून आणि आवाजावरून कळतं. बर्फाचं तसं काहीच कळत नाही. बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, म्हणजे नेमकी स्कीला मजा येते तिथेच. खालच्या थरात साखरेसारखा सुटा बर्फ राहिला आणि त्यावर वाऱ्याने आणून टाकलेला नवा थर बसला, तर एका माणसाच्या वजनानेही अख्खी लादी सुटू शकते. गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर निघाला तर आशा मोठी, पुढे ती झपाट्याने घसरते. तेवढ्या वेळात खालून कोण पोचणार? शोधणारे आणि खणणारे आम्हीच.

आमच्यातला एकजण म्हणतो, "गाइड हाय की रे, कशाला टेन्शन घेतोस?" गाइड घेणारच, त्यात वाद नाही. पण गाइडच गाडला गेला तर त्याला काढायचं कुणी? चौघांपैकी प्रत्येकाला ते येत नसेल तर गोंडोलाच्या हद्दीबाहेर पाय टाकू नये, असं माझं ठाम मत आहे.

एका मित्राच्या भावाने परदेशातून दोन ट्रान्सीव्हर (अंगावर बांधायचं, बर्फाखालून सिग्नल देणारं आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारं यंत्र) आणून दिलेत. जांबोटीकडच्या माळावर एक गवताच्या गंजीत खुपसायचा आणि दुसऱ्याने शोधायचा, असा सराव सुरू आहे. पडद्यावरचा बाण सरळ नेत नाही, वळसा घालून नेतो, कारण सिग्नलच्या रेषाच वक्र असतात. अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की यंत्र अगदी जमिनीलगत धरून सावकाश आडवं-उभं न्यायचं आणि सगळ्यात लहान आकडा दिसेल तिथे प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) खुपसायचा. इथपर्यंत हात बसलाय. पण गंजी उपसणं वेगळं आणि दबून घट्ट झालेला बर्फ फावड्याने खणणं वेगळं. ते इथे बेळगावात कसं शिकणार?

म्हणून जाणकारांना विचारतो. गुलमर्गमध्ये आधी दोन-तीन दिवस फक्त हिमस्खलन-बचाव आणि बर्फाचे थर तपासणं शिकवणारं कुणी आहे का? की मनाली किंवा गुलमर्गच्या सरकारी संस्थेत पुढचा कोर्स करूनच जावं? टूरिंग बाइंडिंग (चढताना टाच मोकळी ठेवणारी, स्कीला बूट अडकवायची पकड) आणि स्किन तिथे भाड्याने धड मिळतात का, की ऐन वेळी नुसते रिसॉर्टचे स्की हातात येतात? आणि स्नोशूवाल्याला बरोबर न्यावं का? चढताना जमेल, पण उतरताना तो एकटा मागे पडणार, हे मला पटत नाही.

बाकी तयारी बरीच झालीय. इतर राज्यांचं प्रीपेड सिम तिकडे चालत नाही म्हणून दोघांनी पोस्टपेड घेतलंय. सॅटेलाइट फोन परवानगीशिवाय नेता येत नाही, त्यामुळे तो विषय सोडला. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर, गुलमर्ग २६५० आणि गोंडोलाचा वरचा टप्पा चार हजारांच्या घरात. म्हणून पहिले दोन दिवस वर जायचंच नाही असं ठरवलंय. ते पुरेत का, हेही सांगा.

गोवा एक्सप्रेसने निजामुद्दीन, तिथून विमानाने श्रीनगर. तिकिटं या महिनाअखेरीस काढायची आहेत. प्रशिक्षणाची सोय होत नसेल तर यंदा आखलेल्या उतारावरच राहायचं, हे तिघांना पटलंय, चौथ्याला अजून नाही. इथली उत्तरं त्याला वाचायला देणार आहे, तेव्हा कृपया अनुभवाने आणि स्पष्ट लिहा.