प्लीहेत (पोटात डावीकडचा अवयव, स्प्लीन) पू झालाय: नळी घालावी की शस्त्रक्रिया? मदत हवी आहे

वडिलांना (वय ६२, मधुमेह) तीन आठवडे ताप आहे. डाव्या बरगडीखाली दुखतं, खोल श्वास घेतला की डावा खांदाही. सीटी स्कॅनमध्ये प्लीहेत ५ सेंमीचं गळू दिसलं. शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे, ताप उतरत नाही.

एक डॉक्टर म्हणतात, गळू एकच आहे, आत पडदे नाहीत, नळी घालून पू काढू. दुसरे प्लीहाच काढायला सांगतात. मला ती वाचावी असं फार वाटतं. काढली तर न्यूमोकोकससारख्या जंतूंचा धोका जन्मभर राहतो, लसी घ्याव्या लागतात.

ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते पाहणारी तपासणी) पाठवलंय. हृदयाच्या झडपेच्या संसर्गातूनही असं होतं म्हणे, मग इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) आग्रह धरू का? नळी कुणाला घातली होती? किती दिवस ठेवली, पू पुन्हा साठला का? कृपया लवकर सांगा.