लोअर परळ सुरक्षित झालं म्हणतात. कोणासाठी?

डिलाईलरोडची

आमच्या आवारात नुकतंच घडलेलं सांगते, मग प्रश्न विचारते.

आमची चाळ पुनर्विकासात गेली. त्या जागी दोन इमारती झाल्या. रस्त्याला लागून आम्हा जुन्या भाडेकरूंची, मागे विक्रीची. फाटकं वेगळी, लिफ्ट वेगळ्या, मध्ये भिंत. परवा रात्री साडेनऊच्या सुमारास आमच्या इमारतीतली चार पोरं फुटपाथच्या कठड्यावर बसली होती. चौघंही इथेच वाढलेली, त्यातला एक सीएची आर्टिकलशिप करतोय. मागच्या इमारतीतून कुणीतरी ११२ ला फोन लावला, 'संशयास्पद मुलं बसली आहेत'. गाडी आली. पोरांची नावं-पत्ते लिहून घेतले, खिसे तपासले. 'कुठे राहता?' याला त्यांनी बोट वर करून आपापली खिडकी दाखवली. दुसऱ्या दिवशी मागच्या सोसायटीचं पत्र आलं: सुरक्षिततेच्या कारणास्तव आपल्या सभासदांनी फुटपाथवर बसू नये.

फुटपाथ महापालिकेचा आहे. पोरांच्या आज्यांनी त्याच फुटपाथवर गिरणीच्या भोंग्याआधी डबे भरून दिलेत.

जो तो म्हणतो, गिरणगाव बदललं, गुंडगिरी संपली, आता कसं छान झालं. माझं म्हणणं असं की इथली सुरक्षितता फाटकाच्या आत गेली आणि रस्ता उघडा पडला. आधी रस्त्यावर आमची माणसं असायची म्हणून भीती कमी होती. आता तीच माणसं भीतीचं कारण ठरवली जातायत. तुम्हाला काय वाटतं?

करीरोडकर

ताई, पोरांच्या बाबतीत झालं ते चूकच. त्यात दुमत नाही. पण 'आधी भीती कमी होती' हे मला अजिबात मान्य नाही.

मी इथलाच. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा शाळेत होतो. अडीच लाख कामगार घरी बसले. आमच्या मजल्यावर कर्ते पुरुष दिवसा गॅलरीत बसलेले दिसायला लागले, आणि बायका पोळीभाजीचे डबे करायला लागल्या. संप कधी मिटलाच नाही. त्या वेळी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना कोण जवळ करत होतं? बँक नाही, सरकार नाही. भाई. माझ्या वर्गातला एकजण आधी निरोप पोचवायचा, मग 'वस्तू' ठेवायचा, मग एके दिवशी पेपरात त्याचा फोटो आला. खंडणीची चिठ्ठी आली म्हणून नाक्यावरच्या कापडवाल्याने दुकान विकलं. संध्याकाळी सातरस्ता चौकाच्या बाजूला जायचं नाही, ही आईची सक्त ताकीद असायची.

आज माझी मुलगी रात्री अकराला ऑफिसातून येते. रस्त्यावर उजेड आहे, माणसं आहेत, हॉटेलं उघडी आहेत. ही ऑफिसं, हे टॉवर आले म्हणूनच हे झालं. चाळीच्या आठवणी मलाही आहेत, पण त्यांच्यासाठी ते दिवस परत नकोत.

माजी_हवालदार

करीरोडकर, तुमचा पहिला भाग खरा, शेवटचा नाही. टोळ्या टॉवरमुळे गेल्या नाहीत. चकमकी झाल्या, टोळ्यांनी एकमेकांना मारलं, १९९९ ला मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा आला, जामीन मिळणं अवघड झालं, पैसा अडला. तोपर्यंत इथे मॉल नावाला होते. चकमकींबद्दल मी इथे जास्त बोलणार नाही. त्यातल्या सगळ्याच मला पटलेल्या नाहीत.

पण त्याहून मोठी गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. टोळ्या आणि जमीन वेगळ्या कधी होत्या? ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीला गाडीतच गोळ्या घातल्या. तेव्हा गिरणी हलवून जमीन मोकळी करण्याचा घाट चालला होता आणि युनियनच्या ताब्यावरून ओढाताण होती. १६ जानेवारी १९९७ ला गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांना पवईला मारलं. त्या दशकात परळ-महालक्ष्मी पट्ट्यात गिरणीची एकरं म्हणजे सोनं होतं. १९९१ च्या विकास नियमावलीने गिरणीची जमीन विकायला वाट करून दिल्यावर तिच्याभोवती दलाल, पुढारी, टोळीवाले सगळेच गोळा झाले. कोण कामगारांना सह्या करायला लावणार, कोण युनियन ताब्यात ठेवणार, कोण चाळ खाली करून देणार, याचे दर होते.

म्हणून 'आधी गुन्हेगारी होती, मग विकास आला आणि ती गेली' अशी मांडणी मला पटत नाही. बरीचशी गुन्हेगारी याच विकासाच्या पायात गाडलेली आहे. जमीन मोकळी झाली, काम संपलं, मग भाई लोकांची गरज उरली नाही.

पंचविसावा_मजला

मी मागच्या इमारतीत राहते. याच नाही, पण अशाच एका. भाड्याने. नांदेडहून नोकरीसाठी आले. फोन करणारी मी नाही, पण फोन का केला जातो हे सांगू शकते, म्हणून लिहिते.

मी लोअर परळला आले तेव्हा घरच्यांनी एकच शब्द उच्चारला, शक्ती मिल. २२ ऑगस्ट २०१३. एक छायापत्रकार सहकाऱ्याबरोबर त्या बंद गिरणीत फोटो काढायला गेली होती, तिथे तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. संध्याकाळ होती, मध्यरात्र नव्हती. महालक्ष्मी स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर. पुढे कळलं की त्याआधी काही आठवड्यांपूर्वी तिथेच आणखी एका मुलीवर अत्याचार झाला होता. तुमच्या शेजाऱ्यांचा कितीही पहारा असो, त्या कंपाउंडात तो पोचला नाही. ओसाड, कुलूपबंद, झाडी वाढलेली जागा हीच बाईला सगळ्यात धोक्याची. ती जागा पाडून तिथे दिवे, ऑफिसं, रखवालदार आले तर मला बरंच वाटेल. कोणी त्याला श्रीमंतांचे चोचले म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही.

आणि कठड्यावर बसलेली मुलं चांगली की वाईट हे रात्री एकटीने त्यांच्यासमोरून जाताना मला कळत नाही. माझ्याकडे बघून कुणी हसतो, कुणी शीळ घालतो. चौघांपैकी तिघं सज्जन असतील. माझं चालणं चौथ्यावर ठरतं.

डिलाईलरोडची

तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत. शीळ घालणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. माझ्या आवारातला निघाला तर मीच त्याच्या आईकडे जाईन.

पण शक्ती मिलचा दाखला माझ्या बाजूचा आहे. ती चाळ नव्हती, वस्ती नव्हती. ती बंद पडलेली गिरणी होती, वर्षानुवर्षं तशीच ओसाड ठेवलेली. अशी कित्येक कंपाउंडं इथे कोर्टकचेरीत आणि भाव वाढण्याच्या वाटेवर पडून होती. शेजारी शे-दीडशे चौरस फुटांत सात-आठ माणसं राहत असताना! १९९१ चा नियम होता की जमिनीचे तीन वाटे करायचे: एक मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ ला तो बदलला. वाटणी फक्त गिरणीच्या आवारातल्या मोकळ्या जमिनीपुरती उरली, जिच्यावर शेड उभी होती ती मालकाची. २००६ ला सुप्रीम कोर्टानेही ते मान्य केलं. महापालिकेच्या त्या हिश्श्यात बागा झाल्या असत्या, मैदानं झाली असती, पोरं कठड्यावर का बसली असती?

आता उजेडाबद्दल. २९ सप्टेंबर २०१७, सकाळी पाऊस, एल्फिन्स्टन रोड आणि परळ स्टेशन जोडणारा पूल. २३ माणसं चेंगरून मेली. गिरण्यांच्या जागी लाखो नोकरदार आणले आणि पूल तोच अरुंद ठेवला. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिल कंपाउंडात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ जण गेले, त्यातले बरेच स्वच्छतागृहात गुदमरून. वाढदिवस साजरा करणारी मुलगीही त्यात होती. ही सगळी तुमची 'चांगली' ठिकाणं. दिवे होते, कॅमेरे होते, रखवालदार होते. एका वर्षात या एका चौकोनात ३७ माणसं गेली आणि तरी आपण सुरक्षिततेची चर्चा कठड्यावरच्या चार पोरांवरून करतो.

करीरोडकर

पुलाचा आणि आगीचा गुंडगिरीशी काय संबंध? विषय भरकटतोय.

माजी_हवालदार

संबंध आहे. कमला मिलच्या प्रकरणात सदोष मनुष्यवधाचाच गुन्हा दाखल झाला होता. आपल्याला चाकू दिसला की गुन्हा वाटतो. बेकायदा छप्पर आणि अडवलेली वाट दिसली की 'दुर्घटना' वाटते.

शिवडीची_लेक

डिलाईलरोडची ताई, तुमच्या पहिल्या पोस्टमधल्या एका गोष्टीवर मला बोलायचंय. 'रस्त्यावर आमची माणसं असायची म्हणून भीती कमी होती.' कोणाची?

मी बीडीडी चाळीत वाढले. १६० चौरस फूट, भिंत इतकी पातळ की पलीकडे काडी ओढली तरी ऐकू येई. आमच्या शेजारच्या खोलीत एक काका रोज रात्री बायकोला मारायचे. अख्ख्या मजल्याला माहीत होतं. आवाज सुरू झाला की आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढवायचे. सकाळी त्या काकू नळावर आल्या की सगळ्या बायका गप्प, आणि कुणीतरी 'आज पाणी कमीच आलं' असं म्हणायचं. कोणी पोलिसात गेलं नाही. मात्र मी दहावीत असताना क्लासच्या मुलाबरोबर स्टेशनपर्यंत चालत आले, ते संध्याकाळच्या आत माझ्या वडिलांना तीन माणसांनी सांगितलं होतं.

चाळीचा पहारा होता हे खरं. तो मुलींवर होता, नवऱ्यांवर नव्हता. आता माझी आई पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरात जाणार आहे. स्वतःचं संडास-बाथरूम आत असेल. रात्री सार्वजनिक संडासाकडे जाताना बॅटरी घेऊन मला उठवायची, ते बंद होईल. माझ्या आईसाठी सुरक्षितता म्हणजे ही आहे. म्हणून पुनर्विकासाला सरसकट नावं ठेवलेली मला खुपतात.

पंचविसावा_मजला

+१. यातलं प्रत्येक वाक्य.

डिलाईलरोडची

शिवडीच्या ताई, तुमच्या काकूंबद्दल माझ्याकडे उत्तर नाही, आणि मी ते झाकणारही नाही. आमच्या मजल्यावरही अशा खोल्या होत्या. घर आत संडासासकट मिळायलाच हवं, म्हाडा देतेय ते चांगलंच आहे. माझा वाद घराशी नाही, मधल्या भिंतीशी आहे.

बदलापूर_४_५०

आमची परळची खोली पागडीची, म्हणजे जुन्या नाममात्र भाड्याची होती. नवी इमारत झाल्यावर मेंटेनन्स झेपेना. वडिलांची नोकरी गिरणीबरोबरच गेली होती. घर विकून बदलापूरला आलो.

आई अजून परळला कामाला जाते. पहाटेची लोकल पकडते. ज्या इमारतीत स्वयंपाक करते तिथे फाटकावर रोज फोटो काढतात, पिशवी उघडून दाखवायला लागते, पोलीस पडताळणीचा कागद दरवर्षी नवा. आमच्या जुन्या खोलीपासून ती इमारत पाच मिनिटांवर. तिथला रखवालदार बिहारचा आहे, दोन वर्षांपूर्वी आला. तो आईला विचारतो, 'किधर से आयी?'

आईने एकदा गर्दीत दारात लटकून प्रवास केला, गुडघा सोलून निघाला. तिच्या सुरक्षिततेचं पत्र कोणती सोसायटी काढणार?

करीरोडकर

दादा, वाईट वाटलं, पण घर तुम्ही स्वतःच्या मर्जीने विकलंत ना? बाजारभावाने पैसे मिळाले असतील.

बदलापूर_४_५०

मर्जी म्हणजे? महिन्याला मेंटेनन्स भरायला नसेल, थकबाकीची नोटीस जिन्यात सगळ्यांसमोर लागत असेल, तेव्हा माणूस मर्जीने विकतो का? मिळालेल्या पैशांतून बहिणीचं लग्न, वडिलांचं ऑपरेशन आणि इथलं वन-बीएचके झालं. आनंदाने नाही गेलो.

माजी_हवालदार

पत्राबद्दल थोडं कामाचं सांगतो. सोसायटीला फुटपाथवर कोणी बसावं-बसू नये हे ठरवायचा अधिकार नाही. पोरांची नावं वहीत गेली असतील तर पालकांनी वरिष्ठ निरीक्षकांना लेखी अर्ज द्यावा की ही मुलं इथली रहिवासी आहेत, तक्रार निराधार होती, आणि अर्जाची पोच घ्यावी. तोंडी सांगून काही होत नाही. पुढे कधी नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी झाली तर हा कागद हाताशी असलेला बरा. मोहल्ला कमिटीची बैठक मागा आणि दोन्ही इमारतींच्या बायकांना घेऊन जा. स्टेशन ते नाका या वाटेवर कुठले दिवे बंद आहेत, कुठल्या पुलाखाली अंधार आहे, याची यादी करा. पोलीस आणि वॉर्ड ऑफिस दोघांनाही यादी दिली की टाळता येत नाही.

पंचविसावा_मजला

यादीत मी आहे. करी रोड पुलाखालचा कोपरा पहिला लिहा. तिथे पाणी साचतं, त्यामुळे माणसाला रस्त्याच्या मधूनच चालावं लागतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही हा विषय काढते. पण पोरांनी गाड्या बाहेर येतात त्या उतारावर बसू नये, कठड्यावर बसावं. आणि शीळ घालणारा कोण ते त्यांनीच बघावं. एवढं मी मागणार.

डिलाईलरोडची

उताराचं मान्य. शिळेचंही. अर्ज आज रात्री लिहिते, चारही आया सही करतील. पण पत्र मागे घेतल्याशिवाय बैठकीत दुसरा विषय सुरू होणार नाही. आणि भिंतीला एक दार हवं, हे मी तिथे मांडणार.

करीरोडकर

बैठकीला मीही येईन. पत्राच्या बाबतीत तुमच्या बाजूने बोलेन. दाराला मात्र माझा विरोध राहील, आणि फाटकावरचे कॅमेरे काढा असं कोणी म्हणालं तर त्यालाही. माझ्या वर्गातल्या त्या पोराच्या वेळी एक कॅमेरा असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.